साठ मोटरींचा फरक

सोमवार, ८ सप्टेंबर २००३

आगाशे सरांनी आज नवी फाइल माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "वासनिकबाई, हे तुम्हीच करा. बाकीच्यांना घाई असते." हे कौतुक की टोमणा, ते सदाशिव पेठेतल्या या ऑफिसात बारा वर्षं काढूनही मला कळत नाही.

काम भोसरीच्या कारखान्याचं आहे. गाड्यांच्या काचा पुसतात त्या वायपरच्या मोटरी तिथे बनतात. आता चाकणला त्यांचा नवा प्लँट व्हायचाय. तिथे जोडणी रोबो करणार आणि सुटे भाग ठेवायला आपोआप चालणारं स्टोअर असणार: उंच रॅक, मधून धावणारी क्रेन, कॉम्प्युटरने हुकूम सोडला की ती ट्रे काढून आणणार. यंत्रं विकणाऱ्या कंपनीने चार रोबो आणि दोन वेगवान क्रेन सुचवल्या आहेत. एवढं खरंच लागतं का, ते खरेदीच्या आधी आपण सांगायचं. म्हणजे अख्खा कारखाना आधी कॉम्प्युटरमध्ये उभा करायचा, त्यात वर्षभराचं काम पळवायचं आणि कुठे अडतं ते बघायचं. पंधरा वर्षं मी हेच करते आहे. आई अजून नागपूरला शेजारणींना सांगते, पोरगी टायपिंगला आहे.

पण आधी जुना कारखाना. आज आहे ते मॉडेलमध्ये खरं उतरलं, तरच उद्याबद्दल बोलायचा हक्क.

घरी आले तेव्हा नवरा, रतन, टीव्हीसमोर होता. म्हणाला, "किती दमतेस गं ऑफिसात. बरं, घर तरी आपोआप चालतंय." मटकी भिजत घातली. लेकीच्या स्कर्टाला हूक लावला. उद्या नळाला पाणी साडेपाचला आहे.

बुधवार, १७ सप्टेंबर

सलग तिसरा दिवस भोसरीच्या स्टोअरमध्ये उभी आहे, हातात स्टॉपवॉच. पोटऱ्या सुजल्यात.

स्टोअर म्हणजे बद्रीनाथ गव्हाणे. वय पंचावन्न, तिथे नोकरीला सत्तावीस वर्षं. मोटरींचे सव्वीस प्रकार, सुटे भाग साडेतीनशेच्या वर, आणि कुठल्या रॅकवर काय हे कुठेही लिहिलेलं नाही. जे लिहिलंय ते चुकीचं आहे. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हाताकडे बघून विचारलं, "हे घड्याळ माझं की रॅकचं?"

"कामाचं," मी म्हटलं.

"मग चालू द्या."

माणूस फार शिस्तीचा. लाइनवरून मागणीची स्लिप येते. ते चष्मा लावून वाचतात, मान हलवतात, मग चालत जाऊन एकेक वस्तू काढतात, मोजतात, ट्रे भरून खिडकीत ठेवतात. स्लिप हातात आल्याशिवाय जागचे हलत नाहीत. मोटरीचा प्रकार बदलला की एका ट्रेला सरासरी अकरा मिनिटं लागतात. एवढी स्वच्छ मोजणी मला कुठल्याच कारखान्यात मिळाली नव्हती.

मंगळवार, ३० सप्टेंबर

मॉडेल उभं राहिलं. शंभर वेळा पळवलं. एका पाळीत ४१० मोटरी निघतात.

कारखान्याच्या हिशेबात गेल्या वर्षीची सरासरी ४७० आहे.

साठ मोटरी कुठून येतात? साधारणपणे मॉडेल खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं, कारण मॉडेलमध्ये कोणी तंबाखू मळायला जात नाही. इथे उलटं झालंय. खरी माणसं माझ्या माणसांपेक्षा वेगाने काम करताहेत. दिवसभर चूक शोधली. मिळाली नाही.

शनिवार, ४ ऑक्टोबर

खंडेनवमी म्हणून कारखान्यात बोलावलं होतं. प्रेसला झेंडूचे हार, स्क्रूड्रायव्हरलाही कुंकू. लाइनवर चाळीस बायका आहेत, सगळ्या कंत्राटी, आणि त्यांच्यातलीच द्वारका त्यांच्यावर. ती मोशीकडची, पस्तिशीची, आवाज प्रेसच्या वर चढणारा. सगळ्यांसमोर म्हणाली, "मॅडम, तुमी येता त्या दिवशी आमचा आकडा पडतो बगा. नजर लागती तुमची."

बायका खदखदून हसल्या. मीही हसले, म्हटलं, लिंबू-मिरची बांधा मग. बद्रीनाथ मात्र पेढ्यांचा बॉक्स घेऊन लगेच पुढच्या रांगेकडे गेले. त्यांना थट्टामस्करी आवडत नसावी.

उद्या आई दीक्षाभूमीवर जाईल. दरवर्षी तिकडून फोन करते आणि गर्दीचा आवाज ऐकवते. या वर्षीही माझं जाणं झालं नाही.

सोमवार, १३ ऑक्टोबर

साठ मोटरी अजून सापडल्या नाहीत. आगाशे सर खुर्चीच्या पाठीमागे येऊन उभे राहिले. "गुणा ना १.१५ ने. तुमचा आकडा आणि त्यांचा आकडा एक होतो. लग्नात पत्रिका अशाच जुळवतात."

गुणलं. जुळलं. मग तोच गुणक घेऊन चाकणचा प्लँट पळवला. उत्तर आलं: चार रोबो, दोन वेगवान क्रेन. विकणाऱ्यांनी सांगितलं होतं तेच. सगळे खूश होतील. मला मात्र परीक्षेत शेजारणीचं बघून लिहिल्यासारखं वाटतंय.

डॉक्टरांकडे जाऊन आले. हिमोग्लोबिन आठ. "विश्रांती घ्या," म्हणाल्या. मी म्हटलं, विश्रांतवाडीतच राहते. त्या हसल्या नाहीत. लोहाच्या गोळ्या दिल्या.

बुधवार, १५ ऑक्टोबर

साठ मोटरी सापडल्या.

रतनला त्याच्या कामासाठी चाकणला लवकर पोचायचं होतं, त्याने जाता जाता मला स्कूटरवरून भोसरीच्या गेटवर सोडलं. पावणेसात. पाळी साडेसातला सुरू होते. वॉचमन मला बघून जरा गडबडला, पण आत सोडलं. म्हटलं, लाइनवर बसून चहा घ्यावा. तर स्टोअरमधून पत्र्यावर स्क्रू ओतल्याचा आवाज.

आत बद्रीनाथ एकटे. टेबलावर ओळीने चौदा ट्रे, तेरा भरलेले. प्रत्येकावर खडूने मोटरीचा नंबर. चष्मा डोळ्यांवर नाही, कागद समोर नाही. मूठ घालून स्क्रू काढत होते, मुठीत बरोबर अठ्ठेचाळीस येत होते. मी दारात दिसले तरी थांबले नाहीत. चौदावा ट्रे भरून झाल्यावर म्हणाले, "अर्ध्यात सोडलं की मोजणी चुकते. या."

मी स्टुलावर बसून राहिले. साडेसातला बायका आल्या, खिडकीतून ट्रे उचलून घेऊन गेल्या. स्लिपा आठनंतर आल्या, त्यांवर त्यांनी मागाहून सह्या केल्या. पहिल्या चार तासांत प्रकार पाच वेळा बदलला. लाइन सामानासाठी थांबली ती एकूण तीन मिनिटं. माझ्या मॉडेलमध्ये एवढ्यात ती पंचावन्न मिनिटं थांबते.

"मी घड्याळ घेऊन उभी होते तेव्हा तुम्ही असं करत नव्हता," मी म्हटलं.

"तेव्हा नियमाने करत होतो. तुम्ही नियम मोजायला आला होता."

म्हणजे मी यायचे तेव्हा आकडा खरोखरच पडत होता. द्वारकेला सगळं ठाऊक होतं.

"काका, हे तुम्हाला करायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मंडळी जाऊन सहा वर्षं झाली. पहाटे जाग येते. कालचा पेपर पुन्हा वाचून होतो, आंघोळ होते, तरी साडेचार वाजत नाहीत. वारज्यात बसून करू काय?"

मग त्यांनी खिडकी अर्धी ओढून घेतली. "मॅडम, हे लिहू नका. तांब्याच्या तारेची चोरी झाली तेव्हापासून साडेसातच्या आत स्टोअर उघडायला सिक्युरिटी ऑफिसरची सही लागते. माझ्याकडे एकाही दिवसाची नाही. तीन वर्षं राहिलीत माझी."

मी म्हटलं, तुमचं नाव कुठेही येणार नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

डब्याच्या सुट्टीत द्वारका शेजारी येऊन बसली. बद्रीनाथांना लाइनवर सगळ्या मामा म्हणतात. म्हणाली, "मामांनी सांगितलं तुमाला कळलं म्हून. आता तुमीच सांबाळा."

मग तिने पाच वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. एका महिन्यात तीनदा सामान वेळेवर लाइनवर आलं नाही. तिन्ही वेळा बायकांना दुपारीच घरी पाठवलं, अर्ध्या हजेरीवर. शकू म्हणून एक होती, सहावा महिना चालू होता. तिला हात चालत नाही म्हणून कायमची काढली. "हात चालत व्हता की. हातात द्यायला सामानच नव्हतं. मामा त्या दिवशी स्टोअरमंदी बसून राह्यले, जेवलेच न्हाईत. दुसऱ्या दिसापासून येरवाळी यायला लागले ते आजपातुर."

चांगली बाई आहे, पण जरा भावुक. बद्रीनाथांनी स्वतः मला कारण सांगितलंय, एकट्या माणसाची सकाळ जात नाही. तेच खरं असणार.

सोमवार, ३ नोव्हेंबर

दिवाळीत नोंद नाही. फराळ, पाहुणे, नणंदेचे चौघं. लोहाच्या गोळ्यांची स्ट्रिप चार दिवस डब्यामागे सापडली नाही.

आज मॉडेलमधला तो खोटा गुणक काढून टाकला. त्याजागी जे खरं घडतं ते घातलं: पुढच्या मोटरीचं सामान आधीची मोटर चालू असतानाच तयार. पळवलं. ४६८. दोन मोटरींचा फरक! मी खुर्चीतच बसून राहिले. पाठ दुखत होती तीही थांबली.

मग चाकण. तीच रीत क्रेनला दिली: मागणीची वाट बघायची नाही, ट्रे आधी काढून लाइनच्या तोंडाशी ठेवायचा. क्रेन एक केली, तीही साधी, निम्म्या वेगाची. रोबो चाराचे दोन केले, फक्त बेअरिंग दाबायचं आणि स्क्रू आवळायचं जड काम त्यांना, बाकी हातांनी. शंभर वेळा वर्ष पळवलं. एकदाही रोबो उपाशी बसला नाही.

क्रेनचा वेग कधी अडतच नव्हता. क्रेन उशिरा निघत होती, एवढंच. उशिरा निघणाऱ्याला वेग पुरत नाही, वेळेवर निघणाऱ्याला तो लागत नाही. जवळजवळ निम्म्या खर्चात तोच माल निघेल. शिवाय चार रोबो असते तर चाळीस बायकांतल्या बाराच लागल्या असत्या. आता सव्वीस लागतील.

शनिवार, ८ नोव्हेंबर

रिपोर्ट पूर्ण. पान चौदावर लिहिलं: 'सध्या भांडारप्रमुख पाळी सुरू होण्यापूर्वी स्वतःच्या अंदाजाने ट्रे भरून ठेवतात, उत्पादनातील साठ मोटरींचा फरक त्यामुळे आहे.' नाव कुठेही नाही. दिलेला शब्द पाळला. हे वाक्य गाळून चाललं नसतं, सगळं डिझाइन त्याच्यावर उभं आहे.

आगाशे सरांनी वाचलं. विचारलं, "वासनिकबाई, त्यांच्याकडे भांडारप्रमुख किती?"

"एकच."

"हं," म्हणाले, आणि सही केली. का विचारलं कोण जाणे. बाइंडिंगचं दुकान पाचला बंद होतं म्हणून मी पळतच गेले.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

द्वारकेचा पीसीओवरून फोन. बद्रीनाथांना निलंबित केलं. आरोप: विनापरवाना स्टोअर उघडणे, पाच वर्षं. वॉचमनलाही हलवलं.

"तुमी म्हनला व्हता नाव येनार न्हाई."

मी म्हटलं, नाव नाही आलं, द्वारका. फोनमध्ये नुसता रिक्षांचा आवाज येत होता. मग तिने फोन ठेवला.

पान चौदा मी आज पुन्हा पुन्हा वाचलं. आगाशे सरांचा प्रश्न आता कळला. एवढं साधं मला त्या दिवशी दिसलं नाही. की दिसत होतं, आणि ४६८ च्या आनंदात मी तिकडे बघितलं नाही?

बुधवार, १९ नोव्हेंबर

भोसरी. प्लँटप्रमुख सबनीस यांनी केबिनमध्ये बोलावून कागद पुढे सरकवला. बद्रीनाथ घरी बसल्यापासूनचे चार दिवस: ४११, ४०६, ४१३, ४०९.

"अहो, काय अचूक मॉडेल आहे तुमचं!" ते खरोखर खूश होते. "तुम्ही पहिल्यांदा ४१० म्हणाला होता. मी सगळ्यांना दाखवतोय."

पंधरा वर्षांत माझं उत्तर इतकं बरोबर कधीच आलं नव्हतं.

बाहेर बायका स्टोअरच्या खिडकीपाशी उभ्या होत्या, रिकाम्या हातांनी. आत एक नवा माणूस स्लिप घेऊन रॅकांमधून धावत होता. घामाघूम. द्वारकेने माझ्याकडे बघितलं नाही. परवा दुपारी पंधरा जणींना घरी पाठवलं असं टाइमकीपरने सांगितलं. अर्ध्या हजेरीवर.

शनिवार, २२ नोव्हेंबर

वारज्याला गेले. दोन बस बदलून, मग चढ चालून. वाटेत दोनदा बसावं लागलं.

दोन खोल्या, झाडून लख्ख. बद्रीनाथ बनियनवर तांदूळ निवडत बसले होते. सदरा घालून आले, पाणी दिलं. मी सगळं पाठ करून गेले होते, त्यातलं काहीच बोलता आलं नाही. एवढंच म्हटलं, "काका, चूक माझी आहे."

"नाव नव्हतं लिहिलंत ना?"

"नाही."

"हुद्दा लिहिलात."

"हो."

"मग काय राहिलं?" ते पुन्हा ताटाकडे वळले. निवडता निवडताच म्हणाले, "आकडा किती निघतोय?"

मी सांगितला. बायकांना घरी पाठवल्याचंही सांगितलं. त्यांचा हात ताटात तसाच राहिला.

"किती जणी?"

"पंधरा."

"शकूच्या वेळी नऊ होत्या," ते म्हणाले.

द्वारकेने सांगितलेलं मी भावुकपणा म्हणून सोडून दिलं होतं. ते वहीत लिहिलेलं पान आत्ता काढून वाचलं. लाज वाटली. फाडलं नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सबनीसांकडे बैठक. डिझाइनवर अंतिम सही करायची होती. आगाशे सर शेजारी.

मी म्हटलं, "सही करत नाही. मॉडेल अर्धंच आहे."

सबनीस म्हणाले, "अहो, सिद्ध झालंय की! चार दिवस आकडा बघताय."

"ट्रे आधी तयार पाहिजे, एवढंच मॉडेल सांगतं. कुठला ट्रे, ते मॉडेलला माहीत नाही. चुकीचा ट्रे काढला तर तो परत ठेवायला क्रेनला दुप्पट वेळ लागतो, मग तुमच्या चार रोबोंनीही भागणार नाही. कुठली मोटर पुढे येणार हे या कारखान्यात एकाच माणसाला कळतं. त्याला तुम्ही घरी बसवलंय."

"नियम मोडलाय त्याने."

"मोडलाय. त्या मोडण्यावर पाच वर्षं तुमच्या पाळीला साठ मोटरी जास्त निघाल्या. तेवढ्या तुम्ही विकल्यात. परत कोणी केल्या नाहीत."

हे मी बोलले. माझा आवाज कापत होता, हिमोग्लोबिनमुळे असेल. सबनीसांनी आगाशे सरांकडे बघितलं. सरांनी पेनाचं टोपण लावलं. "सबनीस, बाईंची सही नसेल तर माझी घेऊन उपयोग नाही. मला तो कॉम्प्युटर सुरूसुद्धा करता येत नाही."

बुधवार, ३ डिसेंबर

सोमवारी निलंबन मागे घेतलं. त्याऐवजी सक्त ताकीद, आणि एक महिना आमच्या ऑफिसात 'माहिती देण्यासाठी'. वॉचमनची बदली तशीच राहिली. त्याची आठवण फक्त बद्रीनाथांनी काढली.

दुसऱ्याच पाळीला त्यांनी भोसरीच्या नव्या माणसाला फोनवरून सांगायला सुरुवात केली, उद्या कुठले ट्रे. आता सिक्युरिटीची सही घेऊन, सकाळी सातला. आकडा ४५० वर आला. बायका पूर्ण हजेरीवर.

रविवार, ७ डिसेंबर

दोन दिवस अंथरुणात होते. चक्कर येऊन ओट्यापाशी पडले. लेक डब्याशिवाय शाळेत गेली, पाणी भरायचं राहिलं, गॅस संपला तर दुसरा सिलिंडर नोंदवलेला नव्हता. रतन म्हणाला, "तू पडलीस की काय होतं या घराला कळत नाही. हाताशी एक वस्तू नसते." त्याचा आठवडाच वाईट गेला बिचाऱ्याचा. उद्यापासून उठलं पाहिजे.

मंगळवार, १६ डिसेंबर

बद्रीनाथ रोज नऊला येतात, शिडीसारखा जिना चढून, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत ताठ बसतात. मी विचारते, ते सांगतात. कुठली मोटर येणार ते कसं कळतं? गेटवर ट्रक कुठला उभा आहे त्यावरून. उत्तरेकडची गाडी दहाला सुटते, म्हणून तिचा माल सकाळीच लागतो. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात चेन्नईवाले. पाऊस लांबला की दुकानातल्या सुट्या मोटरींची मागणी पंधरा दिवसांनी उतरते. सबनीसांच्या केबिनमध्ये फोनवर आवाज चढला की त्या दिवशीचा क्रम बदलणार.

"हे शेवटचं कॉम्प्युटरला कसं सांगू?" मी विचारलं.

"ते राहू द्या. ते त्यालाही कळू नये."

असे सतरा नियम झाले. मागच्या वर्षभराच्या नोंदींवर लावून बघितले, दहातले नऊ बरोबर. आगाशे सरांनी रिपोर्टात त्यांना 'प्रेडिक्टिव्ह किटिंग' असं नाव दिलं, म्हणजे अंदाज बांधून ट्रे आधीच भरणं. बद्रीनाथांनी ते दोनदा उच्चारून घेतलं.

पडद्यावर जुन्या स्टोअरचं मॉडेल चालू होतं. रॅकांमधून एक निळा ठिपका पळत होता. ते वाकून बघत राहिले. "हा मी का?"

"हो."

"मी इतका जोरात नाही चालत. गुडघे आहेत मला."

मी ठिपक्याचा वेग कमी केला. आकडा बदलला नाही. त्यांना फार समाधान वाटलं.

डिझाइनवर सही केली. दोन रोबो, एक साधी क्रेन.

सोमवार, १५ मार्च २००४

बद्रीनाथांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. 'घेतली' हा शब्द सबनीसांचा. चाकणच्या तक्त्यात स्टोअरकीपर हे पदच नाही. मीच काढलेल्या तक्त्यात. क्रेनला सतरा नियम शिकवून झाल्यावर त्या चौकोनात लिहायला काही उरलं नव्हतं, म्हणून मी तो चौकोन रिकामा सोडला आणि कोणीतरी तो पुसला.

फोन केला तर म्हणाले, "तीन वर्षं लवकर सुटलो. तुम्ही कशाला रडता?" मी रडत नव्हते. सर्दी होती.

द्वारका आणि पंचवीस जणी चाकणला जाणार. चौदा जणी नाही. सबनीस म्हणतात, यंत्रवाल्यांचं ऐकलं असतं तर अठ्ठावीस जणींची नोकरी गेली असती. गणित बरोबर आहे. मीच केलंय ते.

मंगळवार, २३ नोव्हेंबर २००४

चाकणचा प्लँट आज रीतसर सुरू झाला. मंडप, नारळ, पेढे. बद्रीनाथांना बोलावणं नव्हतं. पाहुण्यांची यादी कोणी केली ते कोणालाच माहीत नाही. पाळीला ५१२ निघाल्या. क्रेन कुणी न सांगता वर गेली, ट्रे घेऊन खाली आली आणि लाइनच्या तोंडाशी ठेवून पुढच्याला निघाली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. द्वारका रोबोशेजारी नव्या निळ्या एप्रनमध्ये उभी होती. माझ्याकडे बघून तिने मान हलवली. वर्षभरानंतर.

मी जेवायला थांबले नाही. वारज्याला पोचेपर्यंत सहा वाजून गेले होते. बद्रीनाथ पुढच्या खोलीत बसले होते, जरा वाळलेत. मी पेढे ठेवले, आकडा सांगितला. त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. स्क्रूचा ट्रे कुठल्या उंचीवर ठेवलाय? मोटरीच्या ब्रशना ओल लागत नाही ना? आणि चुकते का ती कधी?

"चुकते. काल चेन्नईची मोटर काढून बसली, ट्रक दिल्लीचा होता."

"मग शिकेल," ते म्हणाले. पेढा उचलून विचारलं, "सकाळी तिथे आधी कोण येतं?"

"कोणीच नाही. पाळीच्या आधी तासभर क्रेन आपली आपण चालू होते. बायका येतात तेव्हा ट्रे तयार असतात."

"आत कोणी नसतं?"

"नाही."

"दिवे?"

"बंदच असतात. तिला दिवे लागत नाहीत."

बाहेर अंधार पडत आला होता, खोलीत आम्हाला एकमेकांचे चेहरे धड दिसत नव्हते.

"वीज तरी वाचली," ते म्हणाले, आणि गुडघ्यावर हात टेकून उठून त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं.